आकसणीचं माप

डावा डोळा मिटायचा, मान किंचित कलती करायची, समोरच्या वस्तूकडे दोन क्षण बघायचं आणि निकाल द्यायचा, "गुण्यात न्हाय." आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींचा हा रोजचा उद्योग होता. सुताराच्या काटकोनी पट्टीला गुण्या म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मिस्त्रींच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, गुण्यात असलेलं आणि नसलेलं. नवी भिंत, नवरदेवाचा फेटा, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्यांना तोच एक डोळा आणि तोच निकाल. मला बघायला मुलगा आला तेव्हा ते मुद्दाम चपला शोधायच्या निमित्ताने आमच्या ओसरीवर येऊन गेले आणि जाताना आईच्या कानात म्हणाले, "गुण्यात हाय. पर रंधा मारावा लागंल." लग्नानंतरही आम्ही याच गल्लीत राहिलो, आणि रंधा मी अजून मारतेच आहे.

उद्यमनगरात ते पॅटर्न मेकर होते. कारखान्यात लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो मातीत दाबायचा, पोकळी तयार करायची आणि तीत रस ओतायचा. पण धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना मापापेक्षा जरा मोठाच करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टी वेगळी असते. आकडे आपल्यासारखेच, पण प्रत्येक सेंटीमीटर किंचित लांब. ही सगळी विद्या मला आठवीत कळली, आणि फार वाईट प्रकारे कळली. चाचणी परीक्षेच्या सकाळी माझी पट्टी मोडली, म्हणून मी त्यांच्या ओट्यावरची चकचकीत पट्टी उचलून नेली. भूमितीची एकही रेघ मापात आली नाही. बाईंनी सगळ्या आकृत्यांवर लाल काट मारली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावरचा खाडा करून शाळेत हजर. वर्गाच्या दारातून बाईंना म्हणाले, "पोरीची चूक न्हाय बाई. पट्टी ओतकामाची हाय. तिनं बरोबरच मोजलंय, माप येगळं हाय." बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून बघितल्या आणि निमूटपणे मार्क वाढवले. माझ्या सख्ख्या वडिलांनी माझ्यासाठी अर्ध्या दिवसाचाही खाडा कधी केला नव्हता, हेही इथे सांगून टाकते.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, उंचीने चार फूट आठ इंच. त्यांच्या स्वयंपाकघरात आपण गेलो तर आपल्याला वाकून वावरावं लागतं. ओटा बुटका, फळ्या खाली, खुंट्या त्याहून खाली. मिस्त्रींनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात काकींना भिंतीशी उभं करून, हात वर करायला लावून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. काकींचा हात जिथवर पोचतो, तिथे घर संपायचं. काकींचा गुडघा दुखायला लागला तेव्हा न सांगता उंच पाट तयार झाला, आणि दुखणं वाढलं तसे पाटाचे पायही वाढत गेले. तोंडाने मात्र कौतुकाचा शब्द नाही. "आमची बुटकी" एवढंच.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयची टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांना बोगद्यात सरकवायचं आणि "हलू नका" म्हणायचं, हे माझं काम. पडद्यावर सगळ्यात आधी मलाच दिसतं, पण सांगायची मुभा नाही. नातेवाईक माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात आणि मी चेहऱ्याचा दगड करून म्हणते, "डॉक्टर सांगतील." वीस वर्षांत या दोन शब्दांमागे मी किती वेळा लपले असेन, कुणास ठाऊक. मिस्त्री मला चिडवायचे, "काय मशीनवाल्या मॅडम, आज कुणाच्या डोस्क्यात काय घावलं?" मीही म्हणायची, "डॉक्टर सांगतील." त्यावर ते हसून हसून खोकायचे.

मग एके दिवशी त्यांच्या उजव्या हातातून लाकूड तासायची पटाशी पडली. दुसऱ्या दिवशी परत पडली. अंगठ्याखालचा गोळा सुकत चालला होता. सुरुवातीला त्यांनी पटाशीला शिव्या घातल्या, मग मुठीला, मग हवेतल्या गारठ्याला. कोडोलीकडच्या कुणा जाणत्याकडून महिनाभर तेल चोळून घेतलं. हात सुकतच राहिला, तेव्हा त्यांच्या मुलीने पुण्याहून येऊन त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मान आणि मेंदूचा एमआरआय लिहून दिला, आणि मिस्त्री माझ्या दारात आले.

लोखंडात काम करणाऱ्याला मशीनमध्ये घालण्याआधी आम्ही डोळ्यांचा एक्स-रे काढतो. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर चुंबक तो हलवतो आणि डोळा जातो. मी विचारलं, "मिस्त्री, डोळ्यात कधी कण गेला होता?" ते म्हणाले, "कधी गेला न्हवता, ते इचार. उद्यमनगरात डोळ्यात कण न्हाय असा मानूस दावलास तर फेटा बांधतो तुला." एक्स-रे स्वच्छ निघाला. हातात रबरी फुगा दिला. घाबरायला झालं तर तो दाबायचा, मग मशीन थांबवून मी आत जाते. त्यांनी डाव्या हातात फुगा घेतला, बोगद्याकडे एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "गोल हाय. गुण्याचा प्रश्नच न्हाय." अर्धा तास दगडासारखे पडून राहिले.

रिपोर्ट स्वच्छ आला. मान वयाच्या मानाने ठीक, मेंदू ठीक, कुठे गाठ नाही, शीर दबलेली नाही. त्या संध्याकाळी काकींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घे गं. तुझ्या मशिनीनं तोंड गोड केलं."

आता तुम्हाला सांगते, कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात मोटर न्यूरॉन असे दोन शब्द होते आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं. मानेत काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, कारण मानेवर इलाज असतो. मानेत काही नाही याचा अर्थ ते प्रश्नचिन्ह पुसट होत होतं. पेढे आले होते ते नेमके चुकीच्या बातमीचे, आणि ते ओळखणारी गल्लीत मी एकटी होते. मी पेढा खाल्ला, छान आहे म्हणाले आणि काकींच्या हातात रिकामी वाटी परत द्यायची नसते म्हणून साखर घातली.

पुढे नसांची तपासणी झाली आणि नाव पक्कं झालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार. मिस्त्री घरी येऊन म्हणाले, "मोटर जळाली म्हणत्यात. रिवाइंडिंग करून मिळत न्हाय म्हनं." काकींनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती, ह्यांचं डोकं ठीक राहील का. डॉक्टर म्हणाले होते की बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते. दवाखान्यापासून घरापर्यंत येईस्तोवर त्यातलं 'बहुतेकांची' गळून पडलं. काकी भेटेल त्याला सांगायच्या, "हात गेला, पाय जाईल, बोलनं बी जाईल म्हणत्यात. पर डोस्कं हाय तसंच ऱ्हानार. मला वळखनार, माझं समदं कळनार." त्या वाक्याला धरून बाई उभी होती. मी का म्हणून ते काढून घेऊ?

वर्षभरात मिस्त्री खुर्चीत आले. दोन्ही हात मांडीवर, बोलणं जड, शब्द तोंडातच कालवल्यासारखे. पण गल्लीला चमत्कारिक वाटायला लागलं ते वेगळंच. जन्मभर ठेच्यावर जगलेला हा माणूस गोडाला हपापला. रोज शिरा. सकाळी शिरा, दुपारी शिरा, नाही मिळाला तर गुळाच्या खड्यासाठी हट्ट. मित्र येऊन बसले तर त्यांच्याकडे बघायचं नाही. नात पुण्याहून आली, गळ्यात पडली, तर हे तिच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत बसले. सगळ्यात खटकलं म्हणजे एक डोळा मिटायचं बंद झालं. आमच्या शेजाऱ्यांनी जिना बांधला तो इतका वाकडा की मलाही कळला. मी मुद्दाम मिस्त्रींची खुर्ची तिथवर ढकलत नेली. म्हटलं, बघा हो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "शिरा."

मग काकी मोरीत घसरून पडल्या. डावं मनगट मोडलं. मोरीसमोरच मिस्त्रींची खुर्ची होती. काकी ओल्या फरशीवर पडून कण्हत होत्या आणि मिस्त्री त्यांच्याकडे बघत म्हणाले, "च्या." थोड्या वेळाने परत, "च्या." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा काकी स्वतःच भिंतीला धरून उठल्या. मी त्यांना स्कूटीवरून प्लास्टरला नेलं. परत येताना पाठीमागून म्हणाल्या, "डोस्कं शाबूत हाय न्हवं ह्येंचं? डागदरच म्हनलं की. मंग ह्ये बघून सवरून केलं. म्हंजे चाळीस वरसं माझ्या हाताची मापं घेतली, ती काय नाटकं हुती?"

त्या दिवसापासून काकींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. करत सगळं होत्या. एका हाताने भरवायच्या, पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, शेजारच्या कुणाला तरी हाक मारून उचलवून घ्यायच्या. पण शब्द नाही. काकींचा आवाज गल्लीत सगळ्यात मोठा, दूधवाल्याशी त्या बोलल्या तर चौकात ऐकू जायचं. ते घर गप्प झालं. चार महिने. खुर्चीत अडकलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती बिनबोलता फिरणारी बाई. मला त्या घरात गुदमरायला व्हायचं, मी निमित्तं काढून पाच मिनिटांत बाहेर पडायची. भ्याडपणाच तो, दुसरं काय.

शेवटी न राहवून मीच पुण्याला मुलीला फोन करून सांगितलं की वडिलांचं वागणं बदललंय ते डॉक्टरांच्या कानावर घाल. डॉक्टरांनी मिस्त्रींना समोर बसवून बरंच विचारलं. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा म्हटलं, तर मिस्त्रींनी म्हैस म्हटलं आणि थांबले. जीभ जड असली तरी तेवढ्याने हे होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा मेंदूचा एमआरआय लिहून दिला.

या खेपेला मला धास्ती होती. मिस्त्रींना सपाट झोपवलं की दम लागायचा. फक्त गरजेचं तेवढंच, लवकरात लवकर करायचं ठरलं. अडचण फुग्याची झाली. दाबायला हातच नव्हते. बोगद्यात अडकलेल्या माणसाला थांबा म्हणायची सोय नाही, हे माझ्याने बघवेना. उजव्या पायाचा अंगठा अजून हलत होता. मी फुगा तळव्याखाली पट्टीने बांधला, दोनदा दाबून घेतला. काकींचं मंगळसूत्र, बांगड्या काढून घेतल्या आणि त्यांना आत पायाशी बसवलं. प्लास्टर निघालेला हात त्यांनी नवऱ्याच्या नडगीवर ठेवला. बोलल्या मात्र नाहीत.

चौथ्या मिनिटाला फुग्याची घंटी वाजली. मी मशीन थांबवून धावले. वाकून विचारलं, "काय झालं मिस्त्री? दम लागला?" त्यांनी ओठ जुळवले. "शि... रा." काकींनी माझ्याकडे बघितलं. "बघितलंस? दोन घडी दम न्हाय." मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. दोन्ही दाबून मी म्हटलं, "हलू नका, मिस्त्री. झालंच."

उरलेलं झाल्यावर काकी बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले होते. माझी चाहूल लागली तरी थांबल्या नाहीत. "आई अंबाबाई, ह्येंच्या डोस्क्यात कायतरी निगू दे. मोटं निगू दे." इतकी वर्षं त्या बाकड्यावर माणसं नवस बोलताना मी ऐकते आहे. असा नवस पहिल्यांदाच ऐकला.

डॉक्टरांनी चार दिवसांनी मायलेकींना बोलावून सांगितलं की वागणं, प्रश्नोत्तरं आणि फोटो, तिन्ही मिळून एकच गोष्ट दिसते. या आजारात काही जणांच्या मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भागही हळूहळू खंगतो. मुलीला समजलं. काकी मान डोलावून आल्या आणि तडक माझ्याकडे. "तू सांग. तू पोर हायस माझी. मला डागदराचं न्हाय कळत."

डॉक्टरांचं सांगून झालं होतं, आता मला लपायला जागा नव्हती. मी जुनी आणि नवी फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरली. कपाळामागचा भाग बोटाने दाखवला. म्हटलं, "काकी, इथे बघा. पहिल्या फोटोत भरलेलं आहे. यात घड्या उघड्या पडल्यात, मधे काळं दिसतंय. आकसलंय हे."

पॅटर्नवाल्याची बायको ती. आकसणं म्हणजे काय ते तिला शिकवावं लागलं नाही. फिल्मच्या अगदी जवळ नाक नेऊन तिने सुतारी मापातच विचारलं, "किती सूत?"

"तसं मोजता येत नाही काकी. पण दुसऱ्याला लागलं, दुखलं, ते मनाला जाऊन भिडायचं काम बरंचसं या भागाचं असतं. ते आता होत नाही त्यांना. ते मुद्दाम करत नाहीत."

"मी पडलो ते दिसलं न्हवतं?"

"दिसलं असेल. पण लागलं नाही मनाला."

काकींनी दोन्ही फिल्मा माझ्या हातातून घेऊन एकावर एक ठेवल्या. मग म्हणाल्या, "लोखंड आकसनार म्हनून ह्ये आदीच माप वाढवून धरायचे. ह्येचं माप कुनी धरायचं हुतं?" मग पदराने डोळे न पुसता नाक पुसलं आणि घरी गेल्या. मी गॅलरीत उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून आवाज आला. चार महिन्यांनंतरचा पहिला आवाज, चौकात ऐकू जाणारा. "शिऱ्यात बेदानं घालू व्हय?" आणि मागून जड जिभेचं, तोंडातल्या तोंडात, "घाल."

त्यानंतर ते घर बोलायला लागलं. म्हणजे काकी बोलायला लागल्या. दूधवाल्याला केलेली शिवीगाळ, मुलीचा फोन, गॅसचा नंबर, सगळं नवऱ्याला सांगायच्या. ते टीव्हीकडे बघत असायचे. एकदा मी विचारलं, "उत्तर देत नाहीत, वाईट नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटतं की. पर राग येत न्हाय आता. रागाचा लई तरास हुतो बग, भाकरी गिळत न्हाय." बोलणं पूर्ण गेलं, शिराही गिळेना, नाकातून नळी आली, तरी काकी वाटी त्यांच्या नाकाजवळ नेऊन वास द्यायच्या. डोळे वाटीबरोबर फिरायचे. काकींकडे यायचे नाहीत. मी ते बघितलंय आणि ते बघणं मला अजून सोसत नाही.

थंडीत छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत, सकाळी आंघोळ घालायच्या वेळेला, मिस्त्री गेले.

बाराव्याची माणसं पांगल्यावर मी भांडी लावू लागायला थांबले. मुलगी गडहिंग्लजच्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेली होती. काकी बुटक्या ओट्याशी उभ्या राहून वाट्या पुसत होत्या. मधेच म्हणाल्या, "एक इचारू? डागदर सांगतील म्हनू नगंस."

"विचारा."

"चार म्हैनं मी ह्येंच्याशी बोललो न्हाय. खुर्चीत बसून ऱ्हायचे, मी आपली गप. ह्यास्नी कळलं असंल का गं?"

दोन्ही फिल्मा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. खात्री कुणालाच नसते, आतलं पूर्ण कुणालाच दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण त्यांना एवढं तरी हलकं वाटू दे, म्हणून मी ठामपणे म्हटलं, "नाही काकी. नाही कळलं त्यांना. बिलकूल त्रास झाला नाही."

"बरं झालं," काकी म्हणाल्या. वाटी फळीवर ठेवली, दुसरी घेतली. ती पुसून झाली तरी पुसतच राहिल्या. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात, ज्या आवाजात त्यांना मी कधीच ऐकलं नव्हतं, म्हणाल्या, "पर कळायला पायजे हुतं गं."